दीड अंश डावीकडे

सोमवार, ३

आजपासून ही वही ड्रोनची. नकाशाच्या कार्यालयात अठरा वर्षं काढली, तिथली एकच सवय अंगात मुरली आहे. यंत्र रुसलं की आधी वही काढायची, मग पाना. आमचं यंत्र पहिल्याच दिवशी रुसलंय.

आज धरणावर चाचणी होती. तिथल्या इंजिनियरबाईंना भिंतीचं चित्रण हवं आहे, दर महिन्याला, वर्षभर. एकाच उंचीवरून, एकाच कोनातून. मग महिन्या-महिन्याची चित्रं शेजारी ठेवून ओल कुठे वाढली ते त्या बघणार. मी ड्रोन उडवला छान, उतरवला त्याहून छान. मोठ्या घमेंडीत पडदा त्यांच्यापुढे धरला, तर अख्खा जलाशय डावीकडे कललेला! क्षितिजाची रेघ डावीकडे खाली, उजवीकडे वर. सगळं पाणी आता कोपऱ्यातून माझ्या चपलांवर ओतणार असं वाटलं.

"तुमच्याकडे पाणी असं तिरकं उभं राहतं वाटतं?" बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, वारा होता.

"वाऱ्याने ड्रोन हलेल. क्षितिज कसं हलेल?" त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "सतराला परत या. सरळ आलं तर वर्षाचं काम तुमचं. नाही आलं तर आणखी दोघं रांगेत आहेत."

म्हणजे हातात चौदा दिवस. काम मिळालं तर मी इथेच. नाही मिळालं तर चार तासांवरच्या शहरात नकाशाच्या कंपनीत जागा आहे, त्यांना वीस तारखेपर्यंत उत्तर हवंय. आठवड्यातून एकदा घरी यायचं. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. मीही गेले तर घरात उरतात आई आणि बाबा, म्हणजे सासूबाई आणि सासरे. आईंचा उजवा हात सहा वर्षांपासून थरथरतो. बाबांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली. मला जायचं नाही. हे इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहावं लागणार नाही.

मंगळवार, ४

दिवसभर वाचलं. कॅमेरा ज्या खुंटीवर लटकतो तिला गिंबल म्हणतात. म्हणजे कॅमेऱ्याची मान. ड्रोन कितीही हिंदकळला तरी ही मान डोकं सरळ धरते. पण सरळ म्हणजे काय, हे तिला आधी शिकवावं लागतं. त्या शिकवणीचं नाव कॅलिब्रेशन. ड्रोन सपाट, स्थिर जागी ठेवायचा, फोनवर बटण दाबायचं, हात लावायचा नाही. मग कॅमेरा वर बघतो, खाली बघतो, दोन्हीकडे मान मोडतो, शिंक येता येता राहिल्यासारखा थबकतो, आणि झालं.

सपाट जागेसाठी मला लांब जायला नको. आमचं जेवणाचं टेबल बाबांच्या हातचं आहे. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. लोक म्हणायचे, यांनी बसवलेल्या दारासमोर सपाटी मोजायच्या पाणसळीतला बुडबुडासुद्धा अदबीने मधोमध उभा राहतो. चाचणीच्या आदल्या दिवशीही मी पहिलं कॅलिब्रेशन तिथेच केलं होतं. आज पुन्हा केलं, ड्रोनचं नाक खिडकीकडे करून.

बाबा मागे उभे. "ती गोमाशी जमिनीवर ठेव की."

"जमिनीवर धूळ असते, बाबा."

"मग झाडून घे. टेबल जेवायला असतं."

म्हातारी माणसं! त्यांच्या टेबलाचा एवढा मान राखला तरी कुरकुर. मी ऐकलं नाही.

आता लिहिताना पेन दुसऱ्यांदा घरंगळून बाबांच्या मांडीवर गेलं. गोल पेनं घेणं बंद केलं पाहिजे.

गुरुवार, ६

मागच्या मोकळ्या मैदानावर उडवून पाहिला. अजून कललेलाच. एक चित्र कागदावर छापून घेतलं, कंपासपेटीतला कोनमापक लावला. दीड अंश, डावीकडे. कोनमापक लावल्यावर बरं वाटलं. राग मोजता आला की अर्धा उतरतो.

फोनवर हाताने दुरुस्ती करायची सोय आहे, रेडिओचा काटा फिरवावा तशी. दीड अंश फिरवलं. सरळ! एकदम दोरी लावल्यासारखं सरळ! उड्या मारत चित्र इंजिनियरबाईंना पाठवलं.

त्यांचं उत्तर: "हाताने सरळ केलंत का?"

मी खरं सांगितलं. ही माझी जुनी खोड.

"मग मला नको. कारण सापडलं पाहिजे. कारण सापडलं नाही तर ते परत येतं, आणि तेव्हा मला कळणार नाही की भिंत सरकली की तुमचा काटा."

बाई कजाग आहेत, पण बोलतात ते खोटं नाही. मला त्या आवडायला लागल्या आहेत, हा त्रास वेगळाच.

शुक्रवार, ७

दुरुस्तीवाल्याकडे गेले. सगळे त्याला फुंकर म्हणतात, कारण काहीही हातात दिलं की आधी फुंकर मारतो. ड्रोनला मारली. मग भिंग लावून गिंबलची रबरं पाहिली, रिबनसारखी वायर पाहिली, मान बोटाने हळूच हलवली.

"यंत्र ठणठणीत आहे, ताई."

"मग क्षितिज वाकडं का?"

"राग मानू नका. नाचता येईना, अंगण वाकडं, असं होतं पुष्कळांचं." वर आणखी विचारतो, "कॅलिब्रेशन सपाट जागेवर करता ना?"

माझं डोकंच सणकलं. "माझे सासरे सुतार आहेत," मी म्हटलं, आणि ड्रोन उचलून बाहेर आले. कुणाला काय विचारावं याचा काही पोच असतो की नाही?

रविवार, ९

वाटोळं झालं.

मध्ये फुंकरने हाताळलं म्हणून काल सकाळी सावधगिरी म्हणून पुन्हा कॅलिब्रेशन केलं. खिडकीजवळच्या प्लगचं बटण बिघडलंय म्हणून फोन चार्जिंगला समोर स्वयंपाकघराकडच्या बाजूला लावला होता, त्यामुळे ड्रोनही त्याच तोंडाने ठेवला. बाकी सगळं तसंच. आज उडवला, तर क्षितिज तीन अंश कललेलं! आणि तेही उजवीकडे! दीड होता तेव्हा बरा होता म्हणायची पाळी. औषधाने आजार दुप्पट झाला आणि कूस बदलून झोपला.

जहाजावरून नवऱ्याचा फोन आला. त्याला सांगितलं तर हसत सुटला. "आमच्याकडे क्षितिज रोजच वाकडं असतं. आम्ही कुठे रडतो?" मग हसू आवरून म्हणाला, "आईचा हात कसा आहे?"

"आहे तसाच."

"जेवताना त्रास होतो का?"

मी विचार केला. खरं तर होत नाही. हात थरथरतो, कप कलंडतो, पण आईंच्या अंगावर काही सांडलेलं मला आठवत नाही. सांडतं ते नेहमी बाबांच्याच अंगावर. तसं त्याला सांगितलं. "बाबा म्हणजे ना," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

सोमवार, १०

बाबांकडे पाणसळ मागितली. लाकडी पट्टीतली ती पितळी कडांची, बुडबुड्याची. लहानपणी माझ्या नवऱ्याने तिला हात लावला म्हणून मार खाल्ला होता म्हणे.

"दिली कुणाला तरी," बाबा म्हणाले.

"तुम्ही? पाणसळ दिलीत? कुणाला?"

"आता आठवतंय होय सगळं." आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा नव्हता, एवढंच.

मला वाईट वाटलं. बाबा विसरायला लागले.

रात्री जेवताना नेहमीचा कार्यक्रम. बाबा सुतारकामाचा जाडजूड एप्रन बांधून बसले. मी या एप्रनवरून किती वर्षं चेष्टा करतेय, त्यांना ढिम्म नाही. आईंचा हात उडाला, पेलाभर पाणी आडवं झालं आणि सुरसुरत थेट बाबांच्या मांडीवर. लगेच आई गरजल्या, "अहो, किती सांडता! लहान आहात का आता?" बाबा ओशाळे होऊन एप्रन पुसत बसले. म्हणजे कलंडलं आईंच्या हातून, बोलणी बाबांना. पन्नास वर्षांच्या संसारात न्यायनिवाडा असा होतो तर.

लिंबूही घरंगळत तिकडेच गेलं. बाबांनी झेललं. सराव झालाय त्यांना.

बुधवार, १२

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं!

सकाळी वही पहिल्या पानापासून वाचली. आमचे जुने साहेब म्हणायचे, चूक कुठे आहे ते कळत नसेल तर काय बदललं ते बघा. मंगळवार आणि शनिवार यांत एकच फरक होता. मंगळवारी नाक खिडकीकडे, शनिवारी स्वयंपाकघराकडे.

हाताने केलेली दुरुस्ती आधी शून्यावर आणली. मग प्रयोग. खिडकीकडे नाक करून कॅलिब्रेशन, उडवलं: दीड अंश डावीकडे. स्वयंपाकघराकडे नाक: दीड अंश उजवीकडे. पुन्हा खिडकी, पुन्हा डावीकडे. तीन-तीनदा केलं. रविवारच्या तीन अंशांचाही हिशेब लागला. दीड मी हाताने फिरवलेले, दीड उलट्या तोंडाचे.

दोष यंत्राचा असता तर नाक कुठेही केलं तरी कल डावीकडेच राहिला असता. पण नाक फिरवलं की कलाची बाजू उलटते; यंत्र फिरलं, दोष जागच्या जागी राहिला. म्हणजे तो जागेचा.

म्हणजे टेबलाचा.

हे वाक्य लिहायला मला पाच मिनिटं लागली. ताटात बोटभर पाणी घालून ताट टेबलावर ठेवलं. एका काठाला पाणी चढलं, दुसरा काठ कोरडा. उतार बाबांच्या बाजूला. ते या खालच्या बाजूला बसतात, आई समोर भिंतीकडे. मग खाली वाकून पट्टी लावली. बाबांच्या बाजूचे दोन्ही पाय पाऊण इंचाने आखूड! काखेत कळसा आणि गावाला वळसा. फुंकर बिचारा बरोबर बोलला होता. अंगण खरोखरच वाकडं होतं.

आनंद झाला, आणि मग एकदम खिन्न वाटलं. त्या दोन पायांच्या तळाला करवतीचा काप ताजा दिसतो. बाकीचे दोन जुन्या पॉलिशने काळवंडलेले, हे दोन फिकट. म्हणजे अलीकडच्या काही वर्षांत टेबल डुगडुगत असावं, बाबा पाय बेतायला गेले असावेत आणि हात चुकला. पाऊण इंच! पूर्वी केसभर फरक पडला तरी दार उतरवून पुन्हा बसवणारा माणूस. म्हणूनच जमिनीवर ठेव म्हणत होते? म्हणूनच पाणसळ "दिली"? त्यांना माहीत असेल का, आणि लाजेने बोलत नसतील का? बिचारे.

गुरुवार, १३

जमीन झाडली, ताटातल्या पाण्याने तपासली, तिथे कॅलिब्रेशन केलं. मैदानावर उडवला. क्षितिज सरळ. नाक इकडे, तिकडे, चारही बाजूंना करून पाहिलं. चारही वेळा सरळ.

बाबांना म्हटलं, "जमिनीवर ठेवल्यावर जमलं हो."

"सांगत होतो," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघायचं टाळून चष्मा पुसला.

शुक्रवार, १४

एक चांगलं काम केलं. बाबा दुपारी पडले होते, आई मागच्या खोलीत. जाड रबराचे दोन तुकडे पाऊण इंच होईतो थरावर थर चिकटवून बाबांच्या बाजूच्या पायांखाली सरकवले. रबर काळं, सावलीत दिसत नाही. ताटातलं पाणी आता मधोमध.

सांगणार नाही कुणालाच. बाबांची लाज राहील, टेबलाचा मान राहील. काही उपकार मुकाट्याने करायचे असतात. पेनही आता जागच्या जागी राहतंय.

शनिवार, १५

मी मूर्ख आहे. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

सकाळचा चहा. बाबा एप्रन बांधून बसले, आई समोर. आईंचा चहा नेहमी निववून देते, ते एक बरं. हात उडाला, कप आडवा झाला. बाबांनी सवयीने एप्रनची कड उचलून धरली. वाट बघत बसले. चहा काही आला नाही. सरळ टेबलावर तो चहूकडे पसरला, आणि कप आईंच्या पुढ्यातच होता, तेव्हा बघता बघता कडेवरून त्यांच्या मांडीवर गळायला लागला.

कित्येक वर्षांत पहिल्यांदा आईंचे कपडे भिजलेले पाहिले. आई ओरडल्या नाहीत. आपल्या थरथरत्या हाताकडे बघत राहिल्या, दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाबांचा चेहरा मला लिहिता येणार नाही. टेबलाकडे असे बघत होते, जणू पाळलेलं जनावर चावलं. मग "थांब, थांब, कोरडं आणतो" म्हणत धडपडत आत गेले.

ते आत गेले तशा आई माझ्याकडे वळल्या.

"टेबल तू सरळ केलंस?"

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं? मी दुपारची झोपलेय असं समजून करवत चालवली त्यांनी. पन्नास वर्षं सुताराबरोबर काढली, मला करवतीचा आवाज कळत नाही?"

"पण मग तुम्ही रोज त्यांनाच का ओरडता?"

"मग काय करू? उपकार झाले म्हणू?" त्या डोळे पुसत पुटपुटल्या. "हात माझा गेला तेव्हा चार माणसांत बसून जेवायचीच लाज वाटायची. मी ताट घेऊन आत जायला लागले होते, तू नव्हतीस का बघत? मग एक दिवस सांडलेलं माझ्याकडे यायचं थांबलं. या माणसाने जन्मात एकच वस्तू मुद्दाम वाकडी केली, बाई. मला कळलंय हे त्यांना कळलं तर दोघांच्याही घशाखाली घास उतरायचा नाही. त्यापेक्षा मी ओरडते, ते ओशाळतात, जेवण पार पडतं." आणि मग एकदम नेहमीच्या आवाजात, "बसलीस काय? काढ ते काय लावलंयस ते. ते यायच्या आत!"

मी टेबलाखाली शिरले. एक रबर निघालं, दुसरं पायाला चिकटून बसलेलं. ओढतेय तोवर बाबांच्या चपला समोर येऊन थांबल्या.

"काय शोधतेस गं?"

"पेन," मी म्हटलं.

चपला जरा बाजूला सरकल्या. "माझ्या बाजूला बघ," बाबा म्हणाले. "इकडेच येतं ते."

दोन्ही रबरं मुठीत धरून बाहेर आले आणि सरळ न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मी त्यांच्या हाताची कीव केली होती! हात चुकला म्हणे. पाऊण इंच, दोन्ही पायांना अगदी सारखा. असा हात चुकतो होय?

रविवार, १६

दुपारी बाबांच्या खोलीतून रंधा चालल्याचा आवाज. किती वर्षांनी! आई म्हणाल्या, "गेले खेळायला." पण कान तिकडेच.

संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे एक छोटा चौकोनी पाट ठेवला. खाली तीन पाय, प्रत्येक पायाला फिरवायचा स्क्रू. वर पाणसळ, पितळी कडांची. दिलेली पाणसळ.

"धरणावर कुठे जमीन झाडत बसशील? हे ने. तीन पायाचं डुगडुगत नाही. स्क्रू फिरवून बुडबुडा मध्ये आणायचा, मग गोमाशी ठेवायची."

मी स्क्रू फिरवून पाहिले. बुडबुडा मधोमध आला आणि थांबला.

"बाबा, पाणसळ तुम्हाला लागेल."

"मला नाही लागत आता. तुझ्याकडेच राहू दे." मग स्वयंपाकघराकडे एकदा बघून, आवाज खाली करून, "फक्त जेवणाच्या टेबलावर लावू नकोस. तुझ्या सासूला कळायला नको."

"नाही कळणार," मी म्हटलं.

सोमवार, १७

काम मिळालं.

इंजिनियरबाईंनी तीनदा चित्र मागेपुढे करून पाहिलं, क्षितिजावर पट्टी धरली. सरळ. भिंतीवरची ओलीची रेघसुद्धा स्वच्छ दिसत होती. "कारण काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"घरचं टेबल कललेलं आहे. त्यावर कॅलिब्रेशन करत होते."

त्या पाट उचलून न्याहाळत होत्या. "हा कुणी केला?"

"सासऱ्यांनी. सुतार आहेत."

"घरात सुतार आणि टेबल कललेलं?" त्या हसल्या. "मग सरळ करून घ्या की त्यांच्याकडून."

"नको," मी म्हटलं. "मोठ्या मापाने केलंय ते."

त्यांना काही कळलं नसावं. सही केली, पुढच्या महिन्याची तारीख दिली. दुसऱ्या शहरातल्या कंपनीला मी रस्त्यातूनच नकार कळवून टाकला.

घरी येऊन सांगितलं तर आईंनी आनंदाने टाळी वाजवायला हात उचलला आणि चहाचा कप आडवा. चहा सुरसुरत टेबल ओलांडून गेला. बाबांचा एप्रन तयार होताच.

"अहो, किती सांडता!" आई ओरडल्या. "पोरीचं चांगलं झालंय आणि तुमचं हे!"

"चुकलं," बाबा म्हणाले, आणि माझं पेन मला परत दिलं.